सनावळीच्या कसोटीवर एक चरित्र : बडोद्यातील खतीब बगदादी अभ्यासवर्ग

बडोद्यात दांडिया बाजारातील एका जुन्या वाड्याच्या पहिल्या मजल्यावर इतिहासाची आवड असणाऱ्यांसाठी संध्याकाळचे अभ्यासवर्ग मराठीतून चालतात. विषय दर खेपेला बदलतो. या खेपेचा विषय होता अकराव्या शतकातील बगदादचे हदीसपंडित आणि इतिहासकार अल-खतीब अल-बगदादी यांचे चरित्र. आठ सत्रे, प्रत्येक सत्र दोन तासांचे, शुल्क १,६०० रुपये आणि त्यातच छापील टिपणांची पुस्तिका, असे त्याचे स्वरूप आहे. असा विषय मराठीतून, इतक्या नेटाने आणि मूळ साधनांना धरून शिकवला जाताना मी यापूर्वी पाहिला नव्हता, म्हणून हे परीक्षण सविस्तर लिहीत आहे. वर्ग जिथे कमी पडला ती ठिकाणेही नोंदवली आहेत, कारण पुढच्या तुकडीला त्यांचा उपयोग व्हावा.

बडोद्याला हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. सयाजीराव महाराजांच्या काळी सुरू झालेल्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत संस्कृत ग्रंथांच्या बरोबरीने ‘मिरात-ए-अहमदी’ हा गुजरातचा फारसी इतिहासही छापला गेला, आणि त्याचे संपादन येथीलच बडोदा कॉलेजातील प्राध्यापक सय्यद नवाब अली यांनी केले. रियासतकार सरदेसाई याच संस्थानाच्या सेवेत होते. अरबी-फारसी साधने आणि मराठी इतिहासलेखन यांची गाठ या गावात फार पूर्वी पडलेली आहे. वर्गाचे व्याख्याते निवृत्त प्राध्यापक आहेत, अरबी मूळ समोर ठेवून बोलतात आणि प्रत्येक उताऱ्याचे मराठी भाषांतर स्वतः करून आणतात. वर्गात त्यांना सगळे ‘सर’ म्हणत असल्याने मीही येथे तसेच म्हणतो.

पहिल्याच सत्रात सरांनी वर्गाची शिस्त सांगून टाकली. हदीस म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींचे कथन, आणि प्रत्येक कथनाला दोन अंगे असतात : एक प्रत्यक्ष मजकूर आणि दुसरे तो मजकूर कोणाकडून कोणाकडे आला याची साखळी, जिला इस्नाद म्हणतात. साखळीतला प्रत्येक माणूस म्हणजे रावी. तो खरे बोलणारा होता का, त्याची स्मरणशक्ती शेवटपर्यंत टिकली का, ज्याच्याकडून ऐकल्याचे तो सांगतो त्याला तो भेटणे शक्य होते का, हे तपासल्याशिवाय मजकुराकडे वळायचे नाही, असा या विद्येचा दंडक आहे. या तपासणीसाठी हजारो माणसांच्या जन्ममृत्यूच्या, प्रवासाच्या आणि गुरुशिष्यसंबंधांच्या नोंदी ठेवाव्या लागल्या, आणि त्यातूनच अरबी चरित्रकोशांचे अफाट वाङ्मय उभे राहिले. खतीब हे या वाङ्मयाचे एक थोर कर्ते. म्हणून त्यांच्या स्वतःच्या चरित्रालाही हीच कसोटी लावायची, प्रत्येक गोष्ट कोणी सांगितली, तो खतीबांना भेटला होता का, हे विचारूनच पुढे जायचे, असे सरांनी ठरवले होते. पुस्तिकेतील कालपट त्याच पद्धतीने मांडला आहे : हिजरी सन, इसवी सन, घटना, आणि चौथ्या रकान्यात ती घटना सांगणारा. आपल्याकडच्या शकावल्या, म्हणजे घटनांच्या सनवार याद्या, ज्यांनी वाचल्या आहेत त्यांना या मांडणीची लगेच ओळख पटते. मात्र शकावलीत सहसा नसणारा तो चौथा रकाना हीच या पुस्तिकेची खरी कमाई आहे.

चरित्राचा आरंभ साधा आहे. अबू बक्र अहमद इब्न अली यांचा जन्म १००२ सालचा. वडील बगदादजवळच्या दर्झीजान या गावी शुक्रवारचे प्रवचन देत असत. मुलाला त्यांनी वयाच्या अकराव्या वर्षी हदीस ऐकायला बसवले. वीस-एकवीस वर्षांचा असताना तो बसऱ्याला जाऊन आला, आणि मग पुढचा मोठा प्रवास कोणत्या दिशेने करावा, हा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहिला. इजिप्तमध्ये इब्न अल-नह्हास नावाचे एक वृद्ध पंडित होते, आणि पूर्वेला खुरासानातील नैशापुरात एका जुन्या आचार्यांचे अनेक शिष्य हयात होते. गुरू अल-बरकानी यांनी दिलेला सल्ला खतीबांनी स्वतः सांगून ठेवला आहे. त्याचा आशय असा, की इजिप्तला गेलास तर एका माणसासाठी जाशील, तो हाती लागला नाही तर सगळी वाट फुकट जाईल. नैशापुरात मात्र पुष्कळ जण आहेत, एक गेला तरी दुसरा भेटेल. तरुण खतीब नैशापूरला गेले. काही वर्षांनी ते इस्फहानला अबू नुऐम यांच्याकडे निघाले तेव्हा याच बरकानींनी शिष्याची शिफारस करणारे पत्र दिले. पुढे तर असे झाले, की गुरू आपल्या या शिष्याकडून ऐकलेल्या हदीस इतरांना सांगू लागले. त्या विद्येत याला मोठा मान आहे, आणि सरांनी तो नीट उलगडून दाखवला.

या तरुणपणाच्या काळातील एक नोंद ऐकून वर्गातले बरेच जण सावरून बसले. नैशापूरचे इस्माईल अल-हीरी हे अंध पंडित हजला जाण्यासाठी बगदादपर्यंत आले होते आणि त्यांच्या सामानात बुखारींच्या हदीससंग्रहाची प्रत होती. वाट सुरक्षित नसल्याने काफिला पुढे गेला नाही आणि ते परत फिरायला निघाले. एवढ्या अवधीत खतीबांनी तो संपूर्ण ग्रंथ त्यांच्यासमोर तीन बैठकांत वाचून काढला : दोन बैठका दोन रात्रींच्या, सूर्यास्तानंतरच्या नमाजापासून पहाटेच्या नमाजापर्यंत, आणि तिसरी सकाळी सुरू झालेली, जी दिवस आणि रात्र मिळून दुसऱ्या पहाटे संपली. चौदाव्या शतकातील इतिहासकार अल-झहबी यांनी ही हकिकत नोंदवताना, आपल्या काळात असे करू शकणारा कोणी आपल्याला माहीत नाही, अशी पुस्ती जोडली आहे. पुढे हजच्या निमित्ताने मक्केत असताना खतीबांनी तोच ग्रंथ करीमा अल-मरवझिय्या या विदुषीसमोर पाच दिवसांत वाचला. आपण असा ग्रंथ मनातल्या मनात वाचतो. त्या काळी मात्र तो अधिकारी व्यक्तीसमोर मोठ्याने वाचला, की वाचणाऱ्याला तो पुढे शिकवण्याचा हक्क मिळत असे, हे कळल्याशिवाय या बैठकांचे मोल ध्यानात येत नाही. आणि असा हक्क देणारी व्यक्ती स्त्री असण्यात त्या काळी कोणाला वावगे वाटत नव्हते, हेही सरांनी आवर्जून सांगितले.

ज्या सत्रासाठी मी या वर्गाची शिफारस डोळे मिटून करीन ते खैबरच्या पत्राचे सत्र. खलिफाचा वजीर इब्न अल-मुस्लिमा याच्यासमोर काही यहुदी मंडळींनी एक जुने पत्र आणले. पैगंबरांनी अरबस्तानातील खैबरच्या यहुद्यांना जिझिया, म्हणजे मुसलमानेतरांवरचा कर, माफ केल्याचे ते पत्र होते आणि त्यावर पैगंबरांच्या सोबत्यांच्या साक्षी होत्या. वजिराने पत्र खतीबांकडे पाठवले, आणि त्यांनी ते पाहून बनावट ठरवले. सरांनी ही गोष्ट सांगितली नाही. त्यांनी पत्राचा आशय आणि साक्षीदारांपैकी दोघांची नावे फळ्यावर लिहिली, पैगंबरांच्या मदिनेतील वर्षांची एक पानभर सनावळी सर्वांना वाटली, आणि तपासणी वर्गावर सोपवली. हळूहळू उत्तर जमून आले. खैबरचा पाडाव हिजरी सन ७ मध्ये, म्हणजे ६२८ साली झाला. साक्षीदारांतील मुआविया मक्का सर झाली त्या वेळी, म्हणजे हिजरी ८ मध्ये मुसलमान झाले. खैबरच्या तहावर त्यांची साक्ष असणे शक्य नाही. दुसरे साक्षीदार साद इब्न मुआझ हे खंदकाच्या लढाईत जखमी होऊन हिजरी ५ मध्येच वारले होते; दोन वर्षांपूर्वी निवर्तलेला माणूस साक्ष घालू शकत नाही. खतीबांनी वजिराला दिलेली कारणे हीच होती. वजिराने त्यांचे म्हणणे मान्य केले आणि पत्र फेटाळून लावले.

मी स्वतः मोडी कागद वाचतो, म्हणून या सत्राने मला विशेष आनंद दिला. वतनाच्या आणि इनामाच्या तंट्यांत खोटे कागद उभे राहत आणि ते पारखताना शिक्का, अक्षर, कागद यांच्याबरोबर साक्षीदार त्या मितीला हयात होता का, ज्या हुद्द्याने त्याने सही घातली तो हुद्दा त्याला तेव्हा मिळालेला होता का, हे पाहावेच लागते. इतिहासकार वि. का. राजवाडे यांनी आपल्या साधनखंडांच्या प्रस्तावनेत बखरींची जी झडती घेतली, तिचा बराचसा जोर अस्सल पत्रांतील मित्यांशी बखरींतील सनावळी ताडून पाहण्यावर होता. हा विचार आपल्याकडे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुजला आणि तो पाश्चात्त्य इतिहासपद्धतीच्या संपर्कातून आला, असे आपण समजत आलो. त्याच्या साडेआठशे वर्षे आधी बगदादेत एक माणूस त्याच हत्याराने सरकारदरबारी कागद फोडत होता, आणि हे हत्यार त्याच्या विद्याशाखेत पिढ्यान्‌पिढ्या घासून धारदार झालेले होते, हे मराठी इतिहासवाचकाने माहीत करून घ्यायलाच हवे. माझ्या मते या वर्गाचे खरे प्रयोजन तेथे आहे. सरांनी मराठी कागदांशी तुलना फक्त दोन वाक्यांत केली आणि ते पुढे गेले; या गावी, या श्रोत्यांसमोर ती अधिक वेळ चालली असती तर बरे झाले असते.

नावांच्या गोंधळावरील सत्रही असेच भरीव होते. एकाच नावाची, एकाच बापाच्या नावाची, कधी कधी एकाच गावची दोन निराळी माणसे असतात, आणि त्यांतला एक विश्वासू तर दुसरा लबाड असू शकतो. अशा समनामिकांना वेगळे करण्यासाठी खतीबांनी स्वतंत्र ग्रंथ लिहिले. आजोबाचे नाव नातवाला देणाऱ्या आपल्या घराण्यांच्या वंशावळी ज्यांनी लावल्या आहेत त्यांना या कामाचे कष्ट वेगळे सांगायला नकोत. त्याच सत्रात हस्तलिखितांच्या नकलेविषयीचे खतीबांचे नियम आले. दोन हदीसांच्या मध्ये एक लहान वर्तुळ काढावे आणि ते रिकामे ठेवावे. मग मूळ प्रतीशी ताडून पाहिल्यावर त्या वर्तुळात एक टिंब द्यावे, म्हणजे कुठपर्यंतचा मजकूर तपासला गेला ते पुढच्या वाचकाला कळेल. सरांनी जुन्या अरबी हस्तलिखितांच्या काही पानांच्या छायाप्रती फिरवल्या, त्यांत टिंब दिलेली आणि कोरी अशी दोन्ही प्रकारची वर्तुळे स्पष्ट दिसत होती. मोडी नकला करणाऱ्या माझ्यासारख्यांनी ही रीत आजही उचलण्यासारखी आहे.

मधल्या काळातील राजकीय उलथापालथ वर्गाने फारच घाईने उरकली, आणि येथून माझ्या तक्रारी सुरू होतात. १०५८ च्या अखेरीस अल-बसासिरी या सरदाराने बगदाद घेतले आणि इजिप्तच्या शिया फातिमी खलिफाच्या नावाने खुतबा, म्हणजे शुक्रवारचे प्रवचन, वाचायला लावला. खतीबांचा आश्रयदाता वजीर इब्न अल-मुस्लिमा हालहाल करून मारला गेला. काही आठवड्यांतच खतीबांनी आपले ग्रंथ बरोबर घेऊन दमास्कस गाठले. तेथील उमय्या मशिदीत ते शिकवू लागले. त्यांचा आवाज इतका खणखणीत होता, की तो मशिदीच्या शेवटच्या टोकापर्यंत पोचत असे, अशी नोंद आहे. परंतु दमास्कसही फातिमींच्याच ताब्यात होते, आणि १०६७ च्या सुमारास त्यांच्या जिवावर बेतले. त्यांना पकडायला आलेल्या पोलीस अधिकाऱ्यानेच, एका प्रतिष्ठित अलीवंशीय शरीफांच्या दारावरून जाताना आत शिरण्याची खूण त्यांना दिली. त्या शरीफांनी त्यांना मारू दिले नाही, शहर सोडून जाण्याच्या अटीवर वाचवले. मग सूर (टायर) बंदरातील वास्तव्य, तेथून जेरुसलेमच्या यात्रा आणि १०७० मध्ये बगदादला परत येणे. म्हातारपणी घर सोडून काढलेला जवळजवळ अकरा वर्षांचा हा काळ एका सत्रात बसवला गेला, आणि त्यातलाही बराच वेळ श्रोत्यांच्या विषयांतर करणाऱ्या प्रश्नांत गेला. सर स्वभावाने कोणाला थांबवत नाहीत. प्रश्नांसाठी शेवटची वीस मिनिटे राखून ठेवली तर हे टळेल. शिवाय सुन्नी पंडिताला मारायला निघालेली सत्ता आणि त्याला वाचवणारा शरीफ हे दोघेही शिया होते, ही त्या प्रसंगातली सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट सरांनी नुसती उल्लेखून सोडून दिली.

‘तारीख बगदाद’ या त्यांच्या मुख्य ग्रंथाला दोन सत्रे मिळाली आणि ती योग्यच होती. ७,८०० हून अधिक चरित्रे, १९३१ साली कैरोत छापलेले चौदा खंड. बगदादेत जन्मलेले, राहिलेले किंवा नुसते येऊन गेलेले लोक त्यात आहेत, आणि त्यांत हदीस सांगणाऱ्यांचा भरणा सर्वांत मोठा आहे. क्रम वर्णमालेचा, पण पैगंबरांच्या सन्मानार्थ मुहंमद नावाचे लोक सर्वांत आधी. स्त्रियांची चरित्रे शेवटी. चरित्रांच्या आधी शहराचे वर्णन येते : खलिफा मन्सूरने ७६२ मध्ये वसवायला घेतलेले गोल शहर, त्याची खुरासान, बसरा, कूफा आणि शाम (सीरिया) या दिशांना तोंड केलेली चार दारे, बांधकामावरचा खर्च, गवंडी आणि मजूर यांची मजुरी, एका दिरहमला एक मेंढा मिळत असे ती स्वस्ताई. १०व्या शतकाच्या आरंभी बायझंटाइन सम्राटाचे वकील आले तेव्हा त्यांना दिपवण्यासाठी राजवाड्यात ३८,००० पडदे टांगले होते आणि शंभर सिंह उभे केले होते, हे वर्णनही तेथलेच. वर्गातील एका गृहस्थांनी लक्ष्मीविलास राजवाड्याच्या दरबार हॉलची आठवण काढली आणि थोडा वेळ सगळ्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरले.

याच सत्रात स्नानगृहांचा प्रश्न निघाला. बगदादेत एके काळी ६०,००० हमामखाने होते, प्रत्येकात किमान पाच माणसे कामाला, म्हणजे तीन लाख कामगार, आणि प्रत्येक हमामखान्यामागे पाच मशिदी, असे खतीब नोंदवतात. खैबरच्या पत्रातील दोन वर्षांची चूक पकडणारा माणूस हा आकडा कसा काय लिहितो, असे मी विचारले. सरांचे उत्तर मला महत्त्वाचे वाटले, म्हणून येथे देतो. खतीब हा आकडा आपल्या नावाने सांगत नाहीत, तो ज्याच्याकडून आला त्याचे नाव पुढे करून सांगतात, आणि त्याच विषयावरचे इतर, पुष्कळ लहान आकडेही शेजारी ठेवतात. ज्या व्यवहारात कागद खरा ठरला तर कोणाचा तरी कर माफ होणार आहे तेथे ते निवाडा देतात. शहराच्या वैभवाच्या आठवणी मात्र ते सांगणाऱ्याच्या जबाबदारीवर सोडतात आणि वाचकाला साखळी पाहून ठरवू देतात. हे उत्तर मला पुष्कळसे पटले, पूर्ण नाही. वाचकावर इतका भरवसा टाकायचा, तर तो वाचक स्वतः रावींचा जाणकार असला पाहिजे, आणि दोन-चार शतकांनंतर तो तसा राहत नाही. मग साखळी गळून पडते आणि आकडा तेवढा उरतो. बगदादवरच्या लोकप्रिय लिखाणात तो ६०,००० चा आकडा आज कोणत्याही साखळीविना फिरतो, हे आपण सगळे पाहतोच.

अखेरच्या दिवसांवरचे सत्र उत्तम झाले. खतीबांना वारस नव्हता. आपल्या पश्चात मालमत्ता सरकारजमा होईल हे ओळखून त्यांनी खलिफा अल-काइम यांच्याकडे परवानगी मागितली आणि जवळचे दोनशे दिनार हदीसच्या अभ्यासकांना वाटून टाकले. ग्रंथ वक्फ केले. एक प्रसिद्ध कथा अशी, की हजच्या वेळी त्यांनी मक्केतील पवित्र झमझम विहिरीचे पाणी तीनदा प्यायले आणि तीन इच्छा मागितल्या : बगदादचा इतिहास बगदादेतच शिकवता यावा, मन्सूरच्या मशिदीत हदीस सांगायला मिळाव्यात, आणि मरणानंतर बिश्र अल-हाफी या संताच्या शेजारी जागा मिळावी. तिन्ही पुऱ्या झाल्या. तिसरी सहज झाली नाही, कारण ती कबर एका सूफीने स्वतःसाठी तयार करून ठेवली होती आणि तो दर आठवड्याला तेथे जाऊन कुराण वाचत असे. अखेर एकाने त्याला विचारले, बिश्र हयात असते आणि तुम्ही व खतीब दोघेही त्यांच्याकडे गेला असता, तर त्यांच्या शेजारी कोण बसले असते? त्या सूफीने जागा दिली. येथेही सर आपल्या शिस्तीपासून ढळले नाहीत. तीन इच्छांची कथा दमास्कसचे इतिहासकार इब्न असाकिर यांच्याकडून येते. त्यांचा जन्म ११०५ चा, म्हणजे खतीबांच्या मृत्यूनंतर चौतीस वर्षांनी. इच्छा पुऱ्या झाल्यावर सांगितल्या जाणाऱ्या इच्छाकथा कशा घडतात याचा विचार करून ती वाचावी, आणि कबरीच्या वाटाघाटीचा प्रसंग मात्र शहरात सर्वांसमक्ष घडलेला असल्याने वेगळा तोलावा, असे त्यांनी सांगितले. चरित्रनायकाविषयी एवढा आदर असूनही त्याच्या गोड गोष्टीला सूट न देणारा चरित्रकार क्वचित भेटतो.

सोयींविषयी थोडक्यात. जिना उंच आणि अरुंद आहे. गुडघेदुखी असणाऱ्यांनी आधी विचार करावा. खालच्या रस्त्यावर संध्याकाळी गाडी लावायला जागा मिळत नाही. वर्ग वेळेवर सुरू होतो, चहा चांगला असतो. पडद्यावर दाखवलेला नकाशा मागच्या रांगेतून वाचता येत नाही, आणि नैशापूर कोठे, सूर कोठे, हे ठाऊक नसलेल्या श्रोत्याला त्यामुळे प्रवासांची लांबी कळत नाही. पुस्तिकेत एक पानभर नकाशा छापला तर काम होईल. पुस्तिकेत नावांचे लेखनही एकसारखे नाही. खतीबांचे गुरू असलेले एकच इब्न रिझ्‌कवैह तीन पानांवर तीन तऱ्हांनी छापले आहेत, आणि समनामिकांवरील सत्राच्या पुस्तिकेत हे खटकते. त्याहून गंभीर चूक मृत्यूच्या सालाची आहे. हिजरी सन ४६३ हे वर्ष १०७० च्या ऑक्टोबरात सुरू झाले, म्हणून कोणीतरी कालपटात खतीबांचा मृत्यू १०७० मध्ये टाकला आहे. परंतु ते त्या वर्षाच्या शेवटच्या महिन्यात, झिल्हिज्जेत वारले, आणि तोवर १०७१ चा सप्टेंबर उजाडला होता. सरांनी वर्गात साल बरोबर सांगितले. पुस्तिका मात्र तशीच वाटली गेली. हिजरी वर्ष दोन इसवी वर्षांवर पसरते, ही गोष्ट आपल्याकडे शुहूर सन आणि फसली सन हाताळणाऱ्या कोणालाही माहीत असते, तेव्हा पुढच्या छपाईआधी हा रकाना मोडी जाणणाऱ्या एखाद्याच्या नजरेखालून घालावा.

माझी सर्वांत मोठी तक्रार मात्र एका मौनाविषयी आहे. ‘तारीख बगदाद’मधील सर्वांत लांब चरित्रांपैकी एक इमाम अबू हनीफा यांचे, म्हणजे सुन्नींतील हनफी पंथ ज्यांच्या नावाने ओळखला जातो त्यांचे, आहे. त्यात आधी त्यांच्या स्तुतीची कथने येतात आणि मग त्यांच्यावर कठोर टीका करणारी कथने, तीही साखळ्यांसह, पानेच्या पाने. या चरित्राने पुढे शतकानुशतके वाद पेटवला; तेराव्या शतकात दमास्कसचा अय्यूबी सुलतान अल-मुअझ्झम ईसा याने स्वतः त्याचे खंडन लिहिले. दुसऱ्या बाजूने बाराव्या शतकातील हंबली पंडित इब्न अल-जौझी यांनी, खतीब सुन्नींतील हंबली पंथ सोडून शाफिई या दुसऱ्या पंथात गेले आणि मग हंबलींविषयी पक्षपाताने लिहू लागले, असा ठपका ठेवला. म्हणजे खतीब निःपक्षपाती होते का, विरोधी कथने नुसती मांडणे म्हणजे त्यांना दुजोरा देणे होते का, हा या चरित्रातला कळीचा प्रश्न आहे, आणि वर्गाने तो एका परिच्छेदात गुंडाळला. कारण समजण्यासारखे आहे. गुजरातेतील बहुसंख्य सुन्नी मुसलमान हनफी आहेत, वर्गातही काही जण होते, आणि कोणाचे मन दुखावू नये असा हेतू असणार. पण त्या मंडळींपैकी एकांनीच शेवटच्या दिवशी उठून हे चरित्र वाचायला मागितले, आणि त्यांचे म्हणणे रास्त होते. हमामखान्यांच्या आकड्याला जी कसोटी लावली तीच या कथनांना लावली असती, कोणती साखळी टिकते आणि कोणती तुटते हे वर्गाने मिळून पाहिले असते, तर कोणाचाही अनादर झाला नसता. पुढील तुकडीत नववे सत्र वाढवून हे चरित्र मुळापासून वाचण्याचा विचार आहे, असे संयोजकांनी सांगितले आहे. तसे झाले तर त्या सत्राचे वेगळे शुल्क भरून मी पुन्हा नाव नोंदवणार आहे.